दुसऱ्याच्या कष्टावर दिलेला शब्द

आयटी क्षेत्रात कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींची व्यथा, आणि व्यापारी कुटुंबांनी त्यातून घ्यावयाचा बोध

लकडगंजच्या बाजारपेठेत शब्दाला किंमत आहे, कारण शब्द देणारा माल पाहून बोलतो. बल्लारशाच्या आगारातील लिलावात बोली लावण्यापूर्वी व्यापारी ओंडक्याभोवती फिरतो, त्याचा घेर मोजतो, पोकळी आणि गाठी पाहतो. ग्राहकाने चौकटीसाठी सागवान मागितले, तर थप्पीत किती घनफूट माल आहे, तो पुरेसा वाळला आहे काय आणि आरामशीनवर आधीची किती कामे पडून आहेत, हे डोळ्यांसमोर आणूनच तो तारीख सांगतो. तारीख चुकली तर नाव त्याचेच जाते. त्यामुळे बोलणारा आणि भोगणारा येथे एकच असतो.

याच पेढ्यांवरची पुढची पिढी आता निराळ्या बाजारात उतरली आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्थानकावर मेट्रोत बसायचे, सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीला उतरायचे आणि पुढे मिहान गाठायचे, असा अनेक घरांतील मुलामुलींचा नित्यक्रम झाला आहे. कोणी गायत्रीनगर-परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आहे, कोणी पुण्याच्या हिंजवडीत, कोणी बंगळुरूला. यांपैकी कित्येक जण कायम नोकरीत नसून कंत्राटी आहेत. पगार एका कंपनीकडून येतो, गळ्यातील ओळखपत्र दुसऱ्या कंपनीचे असते आणि काम तिसऱ्याच कंपनीचे असते, जी बहुधा अमेरिकेत किंवा युरोपात असते. घरी वडील कौतुकाने पॅकेज सांगतात. मुलगा मात्र रात्री अकराला जेवायला बसतो आणि विचारले असता एकच वाक्य बोलतो, ‘आमच्या मॅनेजरला कामच कळत नाही.’

हे वाक्य आपण बहुधा तरुण रक्ताची कुरकुर म्हणून सोडून देतो. ‘आम्ही नाही का मोठ्यांचे ऐकून घेतले?’ असे म्हणून विषय मिटवतो. परंतु या तक्रारीत तथ्य किती आहे, हे एकदा शांतपणे तपासणे आवश्यक आहे, कारण त्यात आपल्या मुलांचे आरोग्य गुंतलेले आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, आपले स्वतःचे वर्तनही.

तक्रार नेमकी कोणती?

पहिली तक्रार तारखेची. काम किती आहे हे करणाऱ्याला विचारण्यापूर्वीच ग्राहकाला तारीख दिली जाते. पुढे करणाऱ्याला अंदाज विचारतात, पण तो केवळ उपचार असतो. त्याने सहा आठवडे सांगितले तर ‘चारमध्ये बसव’ असे उत्तर मिळते.

दुसरी तक्रार व्याप्तीची. अर्धे काम झाल्यावर ग्राहकाला नवे काही सुचते. चौकट तयार झाल्यावर दाराची रुंदी बदलण्यासारखाच हा प्रकार असतो. परंतु लाकूड वाया गेलेले डोळ्यांना दिसते, संगणकातील वाया गेलेले श्रम दिसत नाहीत. मॅनेजर ‘होऊन जाईल’ म्हणतो आणि तारीख तीच राहते.

तिसरी तक्रार बैठकांची. ज्याला अडचणीचे स्वरूप उमगत नाही, तो टक्केवारी विचारतो. किती टक्के झाले, हे सकाळी सांगायचे, संध्याकाळी पुन्हा सांगायचे आणि मधल्या वेळात त्याचा तक्ता भरायचा. कामाची मोजणी करण्यातच कामाचा वेळ खर्च होतो.

चौथी तक्रार सर्वांत बोचरी आहे. काम फसले की दोष वरून खाली उतरतो आणि कंत्राटी माणसापाशी येऊन थांबतो. त्याला वगळणे सोपे असते, कारण त्याची नोटीस अल्प मुदतीची, भरपाईचा प्रश्न नाही आणि त्याच्या बाजूने बोलणारा वरिष्ठ मुळात दुसऱ्याच कंपनीत. ज्याने तारीख दिली तो तोवर नव्या प्रकल्पावर गेलेला असतो.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ साल

बंद दाराआड घडणारे हे प्रकार बाहेरच्यांना क्वचितच दिसतात. महाराष्ट्राने मात्र अशा कारभाराचे एक मोठे उदाहरण उघड्यावर पाहिले आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका कागदावर न तपासता संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने घेतला. कल्पना चांगलीच होती. बेरजेच्या चुका टळतात, फेरफाराला वाव राहत नाही आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गावोगावी न्यावे लागत नाहीत.

परंतु उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांहून अधिक. प्रत्येक उत्तरपत्रिका गोळा करायची, तिच्यावरील सांकेतिक पट्टी जुळवायची, पान न् पान स्कॅन करायचे, ते संगणकावर चढवायचे, हजारो प्राध्यापकांना ही पद्धत शिकवायची आणि मग तपासणी, असा हा क्रम होता. हे काम मेरिटट्रॅक या बंगळुरूच्या कंपनीला देण्यात आले, तेही एप्रिल संपता संपता, म्हणजे परीक्षा सुरू झालेल्या असताना. निकाल मात्र कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांच्या आत लागायला हवे होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. निकाल रखडले. राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. पुरवण्यांचा मेळ लागेना, काही उत्तरपत्रिका सापडेनात. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या प्राध्यापकांनाही मुंबईच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामी हातभार लावावा लागला. निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत लांबले आणि पुढील शिक्षणासाठी अन्यत्र जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी कोंडी झाली. कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना ऑगस्टमध्ये सक्तीच्या रजेवर जावे लागले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

दोष यंत्रणेचा की कंत्राटदार कंपनीचा, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. त्या वादात न पडताही एक गोष्ट स्पष्ट दिसते. काम किती आहे याचे मोजमाप होण्यापूर्वीच तारीख ठरलेली होती, आणि एवढ्या प्रमाणावर एकदम उडी घेण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या हातून एकही पान स्कॅन होणार नव्हते. स्कॅनरसमोर रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी मुलांची नावे कोणत्याही बातमीत आली नाहीत. या प्रकरणातील असाधारण भाग इतकाच, की तारीख ठरवणाऱ्यालाही अखेरीस तिची किंमत द्यावी लागली. एरवी तसे घडत नाही.

गल्ल्याच्या अलीकडून पाहिलेला जीएसटी

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण तर आपल्या पेढ्यांवरच घडले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि त्या पावसाळ्यात सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरील क्वचितच एखादे दुकान असे असेल, जेथे पोर्टलच्या नावाने बोटे मोडली गेली नाहीत. विवरणपत्र भरता भरता पडदा थिजत असे, भरलेले आकडे नाहीसे होत आणि शेवटच्या दिवशी तर संकेतस्थळ उघडणेच अशक्य होई. आपला राग रास्त होता.

आता हीच गोष्ट पडद्याच्या पलीकडे बसलेल्या मुलाच्या बाजूने पाहू. पोर्टल उभारण्याचे सुमारे १,३८० कोटी रुपयांचे काम इन्फोसिसला २०१५ मध्येच मिळाले होते, म्हणजे वेळ पुरेसा होता असे वाटेल. परंतु बहुतेक वस्तूंचे दर जीएसटी परिषदेने १८ व १९ मे २०१७ रोजी श्रीनगरच्या बैठकीत ठरवले. विवरणपत्रांच्या नियमांना ३ जून रोजी मान्यता मिळाली. कायदा लागू व्हायला तेव्हा चार आठवडे उरले होते. ज्या नियमांवर संगणकाची आज्ञावली उभी राहायची, तेच नियम जवळजवळ शेवटपर्यंत बदलत होते.

जुलै महिन्याच्या जीएसटीआर-१ ची मुदत वारंवार वाढवावी लागली. सप्टेंबरमध्ये पोर्टलच्या अडचणी सोडवण्यासाठी सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमावा लागला. १० नोव्हेंबरच्या गुवाहाटी बैठकीत जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ ही विवरणपत्रेच स्थगित झाली. या दोन विवरणपत्रांसाठी कोणीतरी रात्री जागवल्या असतील. त्यांच्या कामाचे काय झाले, हा प्रश्न आपल्या मनात आला नाही. त्याच बैठकीत प्लायवूडवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि लकडगंजने समाधानाचा निःश्वास टाकला. आपल्या टॅलीत दर बदलायला काही क्षण पुरले असतील. देशभराच्या हिशेबात असा एक बदल किती ठिकाणी हात लावायला लावतो, याचा अंदाज पेढीवरून येत नाही.

पोर्टल तयार करणाऱ्यांच्या चुका नव्हत्या असे नाही. पण चूक आणि अशक्य तारीख या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, हीच तर या क्षेत्रातील कंत्राटी माणसाची शोकांतिका आहे.

गाडी खाली करणे आणि आज्ञावली लिहिणे

मॅनेजर असे का वागतात? ते दुष्ट असतात म्हणून नव्हे. काम दिसत नाही, हे पहिले कारण. व्यापारी थप्पीकडे पाहून उरलेला माल सांगू शकतो. अपुऱ्या आज्ञावलीची थप्पी कोठे दिसते? दुसरे कारण निवडीचे. पुष्कळदा ग्राहकाशी गोड बोलता येते म्हणून माणूस मॅनेजर होतो, किंवा उत्तम प्रोग्रामर आहे म्हणून त्याला बढती देऊन माणसे सांभाळायला बसवतात. या दोन्ही गुणांचा कामाचे मोजमाप करण्याशी थेट संबंध नाही. तिसरे कारण कराराचे. सर्वांत कमी भाव आणि सर्वांत जवळची तारीख देणाऱ्याला काम मिळते, म्हणून प्रकल्पाचा जन्मच खोट्या अंदाजातून होतो. मॅनेजर वरून दाबला जातो आणि तोच दाब खाली पोहोचवतो.

आणि काम मागे पडले की सर्वांना एकच उपाय सुचतो, माणसे वाढवा. लाकडाचा ट्रक खाली करायला चार हमालांना चार तास लागत असतील, तर आठ हमाल तो दोन तासांत खाली करतील. आपला अनुभव तसाच आहे, म्हणून हा उपाय आपल्यालाही पटतो. परंतु आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात नेमके उलटे सांगितले. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली, तर तो आणखी लांबतो. कारण नव्या माणसाला काम समजावण्यासाठी जुन्याला आपले काम थांबवावे लागते, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जुळवून घ्यावे लागते. हिशेब करून पाहा. चार माणसांत परस्परांच्या सहा जोड्या होतात, आठ माणसांत अठ्ठावीस आणि सोळांत एकशे वीस. माणसे चौपट झाली, तर समजावणी वीसपट. ही गोष्ट प्रसिद्ध होऊन अर्धशतक लोटले. तरीही शेवटच्या महिन्यात दहा नवी कंत्राटी मुले आणून बसवण्याची रीत सुटलेली नाही.

न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा, म्हणून हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक मॅनेजर अकुशल नसतो आणि प्रत्येक प्रोग्रामर निर्दोष नसतो. तरुण मुले स्वतःच्या वेगाविषयी भाबडी असतात. दोन दिवसांत होईल असे उत्साहाने सांगतात, आणि पाचव्या दिवशी अडकलो आहोत हे संकोचाने लपवतात. अडचण लपवली की मॅनेजरचा अंदाज आणखी चुकतो. चांगला मॅनेजर तो, ज्याच्यासमोर ‘मी अडकलो आहे’ असे निर्भयपणे म्हणता येते.

अतिभारारोपण

आपल्या परंपरेत या दोषाला नाव आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध यांच्या जोडीला ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. बैलाच्या किंवा सेवकाच्या शक्तीबाहेर त्याच्यावर भार लादणे, असा त्याचा अर्थ आपण लहानपणी पाठशाळेत ऐकला. येथे ध्यानात घ्यावे ते हे, की भार लादणाऱ्याच्या मनात द्वेष असावा लागत नाही. समोरच्याची शक्ती किती आहे हे जाणून न घेता लादलेला भार हाही अतिचारच. बैलगाडीचे जू दिसत असे, चाकांचा करकर आवाज ऐकू येत असे. आजचा भार लॅपटॉपच्या पिशवीत मावतो, इतकाच फरक.

आपणही मॅनेजरच

येथवर वाचून, ‘त्या कंपन्यांचे वागणे चुकीचेच आहे’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु आज आपल्यापैकी अनेक पेढ्या बिलिंगसाठी, साठ्याच्या नोंदीसाठी, ऑनलाइन विक्रीसाठी शहरातल्याच एखाद्या लहान व्यावसायिकाकडून सॉफ्टवेअर करून घेतात. त्या व्यवहारात मॅनेजरच्या खुर्चीत आपणच बसलेले असतो. तेथे आपण कसे वागतो?

‘दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी झाले पाहिजे’ असे सांगतो, पण नेमके काय झाले पाहिजे हे कागदावर देत नाही. लाकडाचा हिशेब घनफुटात, प्लायचा चौरस फुटात आणि हार्डवेअरचा नगावर, ही साधी गोष्ट निम्मे काम झाल्यावर सांगतो. थोरले बंधू एक सांगतात, धाकटे दुसरे, आणि मुनीमजींची पद्धत तिसरीच असते. वाढवलेल्या कामाचे पैसे मागितले की ‘एवढेसे तर आहे’ म्हणतो. अखेरचा हप्ता उधारीच्या सवयीने महिनोन्महिने लांबवतो. त्या मुलाच्या घरी जेवणाच्या ताटावर कोणाविषयी काय बोलले जात असेल, याची कल्पना करून पाहावी.

हप्त्याविषयी तर कायदाही स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. आपल्या सीएंनी हा नियम मालाच्या संदर्भात समजावलेला असेलच. सॉफ्टवेअर करून देणारा ‘उद्यम’ नोंदणीकृत मुलगाही त्याच नियमात येतो.

करण्यासारखे काही

कंत्राटी काम करणाऱ्या तरुणांनी तीन गोष्टींची सवय लावावी. पहिली, अंदाज नेहमी लेखी द्यावा आणि तो कशावर आधारलेला आहे तेही लिहावे, म्हणजे आधार बदलला की तारीख बदलण्यास जागा राहते. दुसरी, वाढीव काम तोंडी आले तर त्याच दिवशी, सौम्य शब्दांत, ‘आपण सांगितल्याप्रमाणे हे वाढवत आहे, यास इतके दिवस अधिक लागतील’ असा मेल पाठवावा. वहीत न उतरलेली उधारी बुडते, हे आपल्या मुलांना वेगळे सांगावे लागू नये. तिसरी, अडचण पहिल्या दिवशी सांगावी, शेवटच्या दिवशी नव्हे. आणि कंत्राट स्वीकारण्यापूर्वी विचारावे की तारीख कोणी ठरवली, बदल कोण मंजूर करणार, आणि कंत्राट मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे पैसे कोण देणार? या तिन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर पॅकेजचा आकडा कितीही मोठा असो, थांबून विचार करावा.

व्यापाऱ्यांनी सॉफ्टवेअरचे काम देताना घरातील एकाच व्यक्तीला निर्णयाचा अधिकार द्यावा. काय हवे ते आधी लिहावे, तारीख करणाऱ्याला विचारून ठरवावी, आणि प्रथम एका काउंटरवर महिनाभर चालवून मगच साऱ्या दुकानात लावावे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी? मुलगा किंवा सून उशिरा घरी आली, तर ‘नोकरीत हे चालायचेच’ असे म्हणून तिचे बोलणे तोडू नये. पॅकेजऐवजी एकदा कामाविषयी विचारावे. काम कशाचे आहे, तारीख कोणी दिली, ती तुला मान्य होती काय? पेढीवर बसून आयुष्यभर माणसे आणि माल पारखलेल्या डोळ्यांना त्या उत्तरांतून पुष्कळ काही कळेल. कधी तग धरण्याचा सल्ला योग्य ठरेल, कधी ते कंत्राट सोडण्याचा. सोडावे लागलेच, तर त्यास नामुष्की मानू नये. दुसऱ्याने दिलेला आणि न पेलणारा शब्द पाळण्यासाठी शरीर झिजवणे म्हणजे निष्ठा नव्हे. आपल्या पेढीच्या वतीने परक्या माणसाने अशी तारीख दिली असती, तर आपण ती मानली असती काय?